प्यायलाय की शुगर उतरलीय?

दादा विसरायला लागला तेव्हा घरात कुणालाच त्याचं कारण शोधावंसं वाटलं नाही. कारण समोर होतं, बाटलीत. आयुष्याची निम्मी वर्षं रोज पिणारा आणि पुढे पुढे शुगरच्या गोळ्याही घेणारा माणूस विसरणार नाही तर काय? वहिनीचं मत तर ठाम होतं. "त्यांना सगळं आठवतं. फक्त सोयीचं तेवढं."

तिचंही अगदी चुकीचं म्हणता आलं नसतं. दादाला सकाळी जेवला की नाही हे संध्याकाळी सांगता यायचं नाही, पण शाळेतल्या वर्गाचा हजेरीपट तो क्रमाने म्हणून दाखवायचा. आणि त्याच्या थापा! काल कुठे होतास, असं विचारलं की तो शांतपणे सांगायचा, ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे बसलो होतो, त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय. हा मित्र काही वर्षांपूर्वी गेलेला, आणि त्याला खांदा द्यायला दादा स्वतः होता. यावरून घरात जी भांडणं झाली ती लिहीत नाही.

पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला एकच प्रश्न विचारला. "या थापांनी त्याचा फायदा काय होतो?" मी विचार केला. काहीच नाही. त्या गोष्टींनी त्याचं पिणं लपत नव्हतं, पैसे लपत नव्हते, काहीच लपत नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. दादाला कालचा दिवस मुळात सापडतच नव्हता, आणि त्या रिकाम्या जागी मेंदू जुन्या, खऱ्या घडलेल्या तुकड्यांतून काहीतरी जोडून देत होता. दादा ते मनापासून खरं मानत होता. याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. हा शब्द कळल्यावर वहिनी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे आम्ही इतके दिवस आजाराशी भांडत होतो."

पण ते सगळं नंतरचं. आधी ती रात्र आली.

संध्याकाळी तो प्यायला, जेवला नाही, झोपला. यात नवीन काही नव्हतं. मी तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे वहिनीने मला उठवलं. दादा घामाने निथळत होता, जिभेला जडपणा, बोलण्याला अर्थ नाही, उठवून बसवलं की एका बाजूला कलंडत होता. वहिनी वैतागून म्हणाली, "आज फारच घेतलेली दिसतेय, उतरेल." मला एक गोष्ट खटकली. त्याने शेवटचा पेला आठ वाजता ठेवला होता. मध्यरात्री तो बाथरूमला गेला तेव्हा सरळ चालला होता, माझ्याशी दोन वाक्यं धड बोलला होता. नशा पहाटेपर्यंत उतरत जायला हवी, ही चढत कशी गेली? घरात शुगर मोजायचं यंत्र होतं, बोट टोचलं. आकडा आला ३८.

७० च्या खाली शुगर कमी मानतात, ५४ च्या खाली गंभीर. ३८ ला माणूस बेशुद्ध पडू शकतो, फिट येऊ शकते.

हे का होतं ते मला डॉक्टरांनी नंतर समजावलं, आणि शुगर असलेल्या प्रत्येक पिणाऱ्याच्या घरच्यांना ते माहीत असायला हवं असं मला वाटतं. रात्रभर आपण खात नाही, तरी रक्तातली साखर टिकते ती यकृतामुळे. यकृत आधी साठवलेली साखर सोडतं आणि साठा संपत आला की नवी बनवतं. पण दारू पोटात गेली की यकृत तिची विल्हेवाट लावण्यात गुंततं आणि नवी साखर बनवण्याचं काम मागे पडतं. जो माणूस जेवलेलाच नाही त्याच्या यकृतात साठाही फारसा नसतो. त्यात दादाची ग्लिमेपिराइडची गोळी. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोट भरलेलं असो वा रिकामं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की फटका बसतो तो बहुतेक पिण्याच्या वेळी बसत नाही, कित्येक तासांनी बसतो, झोपेत. दुसऱ्या दिवशीसुद्धा बसू शकतो.

आणि पहिला बळी जातो मेंदूचा. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, तोही जवळजवळ सगळा ग्लुकोजमधून. स्वतःजवळ त्याची शिल्लक नसल्यात जमा. त्यामुळे साखर उतरली की बोलणं, तोल, भान, सगळं एकदम जातं. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो एक दारुडा, तोंडाला वासही असतो. अशा वेळी झोपू द्या म्हणणारे घरोघरी असतात, आणि त्या झोपेतून काही जण उठत नाहीत.

तोंडात साखर घालायचा मोह झाला. पण त्याला नीट गिळता येत नव्हतं, घशात गेलेलं फुप्फुसात उतरलं असतं. म्हणून तसंच दवाखान्यात नेलं.

तिथेही पहिल्या कागदावर 'दारू प्यायलेला' एवढंच लिहिलं गेलं. शुगरचा आकडा मी तीन वेळा मोठ्याने सांगितला तेव्हा सलाईनमधून ग्लुकोज सुरू झालं. शुगर वर आली, घाम थांबला, पण दादा पूर्ण भानावर आला नाही. कोणता महिना हे सांगता येईना. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरने त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरून इकडून तिकडे फिरवलं, तर बुबुळं कडेला गेली की बारीक बारीक उसळ्या मारत होती. उभं केलं तर पाय फाकवून, जहाजावर उभ्या असलेल्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाला, "हे नुसतं शुगरचं नाही." आणि त्याने बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, मोठ्या मात्रेत शिरेतून द्यायला सांगितलं. त्याच्या हातात तेव्हा एकही रिपोर्ट नव्हता. त्याने वाट पाहिली नाही, याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे.

कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ साली हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला: डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, तोल जाणं आणि भ्रम. पुस्तकात तिन्ही लक्षणं दिलेली असतात, पण तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच. म्हणून पिणाऱ्या माणसात यातलं एखादं जरी दिसलं तरी थायामिन द्यावं असं मानतात; देण्यात धोका फार कमी, न देण्यात फार मोठा. सहा वर्षांनी, १८८७ मध्ये, रशियातल्या सर्गेई कोर्साकोव्हने स्मृती जाण्याचा जो आजार वर्णन केला, तो बहुतेक वेळा याच आजाराचा पुढचा टप्पा असतो. वेर्निकेच्या टप्प्यावर पकडलं तर बरंच वाचतं. कोर्साकोव्हपर्यंत गेलं की मग जे उरेल ते आपलं.

थायामिनचा शरीरातला साठा फार छोटा, सुमारे ३० मिलिग्रॅम. आहारातून आलंच नाही तर दोन-तीन आठवड्यांत संपतो. रोज पिणारा आधीच कमी खातो, जे खातो त्यातलं थायामिन दारूमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि बिघडलेलं यकृत ते साठवू शकत नाही. त्यात डायबिटीस असेल तर मूत्रपिंडं थायामिन लघवीवाटे जास्त बाहेर टाकतात. हे शेवटचं मला अजिबात ठाऊक नव्हतं. दारू आणि शुगर हे दोन वेगळे आजार शेजारी शेजारी चाललेत असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात दोघं एकाच ठिकाणी येऊन मारत होते. पेशींना ग्लुकोज वापरायला थायामिन लागतं. म्हणजे काही रात्री मेंदूला साखर पुरत नव्हती, आणि ज्या रात्री पुरत होती त्या रात्री ती वापरता येत नव्हती.

म्हणूनच अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवत राहणंही धोक्याचं, कारण उरलंसुरलं थायामिन त्यात खर्ची पडतं. शुगर ३८ असताना ग्लुकोज थांबवून चालत नाही, ते लगेच द्यावंच लागतं, पण थायामिन त्याच्या जोडीने जायला हवं. गोळ्यांनी इथे भागत नाही. रक्तात मॅग्नेशियमही कमी निघालं. ते कमी असेल तर थायामिन देऊनही नीट काम करत नाही, म्हणून तेही भरून काढलं.

डोळ्यांच्या उसळ्या दोनेक दिवसांत बऱ्याच कमी झाल्या. आम्ही सुटकेचा श्वास सोडतोय तोवर दारू सुटण्याचा त्रास सुरू झाला. आधी हातांची थरथर, मग झोप उडाली, मग चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. त्या तो एकेक करून वेचत होता. नाडी धावत होती, ताप होता, आमच्या गेलेल्या आईला हाका मारत होता. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. शेवटचा पेला घेतल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत हे उभं राहतं आणि उपचार नसले तर जीव घेऊ शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडणारे लोक चांगल्या हेतूनेच तसं करतात, पण ते करू नये. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधाच्या आधाराने. दादाला लोराझेपाम देत होते. यकृत बिघडलेलं असताना ते त्यातल्या त्यात बरं पडतं.

तो निवळला आणि मी लगेच विचारलं, "आता स्मृतीची तपासणी करायची का?" डॉक्टर हसले. आत्ता केली तर आपण दारू सुटण्याचा त्रास मोजू, औषधाची गुंगी मोजू, स्मृती मोजणार नाही. काही आठवडे दारूशिवाय जाऊ द्या, शुगर स्थिर होऊ द्या, मग या.

तो मधला काळ सगळ्यात अवघड गेला, आणि शिकवणाराही तोच. घरी आल्यावर दादा कधी कधी अचानक थरथरायचा, घाम यायचा, चिडचिड करायचा, बोलणं भरकटायचं. आता हे काय? चोरून प्यायला? दारूची मागणी उठली? की शुगर उतरली? तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. स्वतः दादालाही ओळखता येत नव्हतं. छातीत धडधडलं, हात कापले की त्याला वाटायचं की दारूच हवी. वहिनी तोंडाचा वास घ्यायची. मी म्हटलं, वासाने काही ठरत नाही, बोट टोच. काही वेळा आकडा ६० च्या घरात यायचा, म्हणजे त्याची "तलफ" खरं तर साखरेची भूक होती. साखरेचं पाणी दिलं की पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आणि दारूचं नावही नाही. काही वेळा आकडा १४० यायचा. तेव्हा ती खरी तलफ असायची आणि मग त्याला घेऊन फिरायला जावं लागायचं. घरातलं वातावरण या यंत्राने जेवढं बदललं तेवढं कुठल्या समुपदेशनाने बदललं नसतं. संशयाच्या जागी आकडा आला.

डॉक्टरांना या आकड्यांची वही दाखवल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड पूर्ण थांबवली आणि शुगर एकदम खाली न नेणारं औषध दिलं. तीन महिन्यांच्या सरासरीचा जो रिपोर्ट असतो, एचबीएवनसी, तो ७ च्या खाली आणायचा हट्टही सोडला; ८ च्या आसपास चालेल म्हणाले. मला ते ढिलेपणाचं वाटलं. त्यांनी समजावलं की स्मृती गेलेल्या माणसात शुगर वारंवार खूप खाली जाणं जास्त घातक, त्याने डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढतो. शिवाय सरासरी फसवी असते. ४० आणि ३०० मध्ये झोके घेणाऱ्याची आणि दिवसभर १७० वर बसलेल्याची सरासरी कागदावर एकच दिसू शकते.

रक्ताच्या तपासणीत बी-१२ कमी निघालं. दादा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळीही घेत होता, आणि ते दीर्घकाळ घेतलं की बी-१२ घटू शकतं. बी-१२ च्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो, पाय बधिर होतात. आता पायांची बधिरता शुगरची, दारूची की बी-१२ ची, हे कोण सांगणार? कदाचित तिन्हींची. पण त्यातलं एक इंजेक्शनने भरून निघणारं होतं आणि ते आधी कुणी बघितलंच नव्हतं, कारण कागदावर 'दारू' लिहिलेलं होतं. माझा राग याच गोष्टीचा आहे. एक कारण सापडलं की माणसं बाकीची शोधायची थांबतात. ते कारण लाजिरवाणं असेल तर जास्तच लवकर थांबतात.

मग स्मृतीची तपासणी झाली. मोका नावाची चाचणी असते, ३० गुणांची, २६ आणि त्यावर सामान्य मानतात. पाच शब्द सांगतात आणि काही मिनिटांनी परत विचारतात. १०० मधून ७ वजा करत जायला सांगतात. प्राण्यांची चित्रं ओळखायची, घड्याळ काढायचं. दादाला सांगितलं, घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. त्याने गोल सुंदर काढला, आकडे नीट मांडले, आणि एक काटा ११ वर, दुसरा १० वर ठेवला. माझ्या पोटात गोळा आला. 'दहा' ऐकलं की १० या आकड्याकडे जाणारा हात आवरून, दहा मिनिटं म्हणजे काटा २ वर, हे ठरवायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि दीर्घकाळच्या दारूने तो भाग लवकर दुबळा होतो. पाच शब्दांपैकी एकही आठवला नाही. खरं तर तो म्हणाला, "कोणते शब्द?" एकूण गुण १७.

एमआरआयमध्ये दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. मेंदूच्या तळाशी मॅमिलरी बॉडीज नावाच्या वाटाण्यापेक्षा लहान दोन गाठी असतात. स्मृतीच्या वाटेवरचं ते महत्त्वाचं ठाणं, आणि थायामिनच्या अभावाचा मार तिथे हमखास बसतो. दादाच्या त्या आक्रसल्या होत्या. लहान मेंदूचा मधला भागही झिजलेला होता, तोल जाण्याचं तेही एक कारण. आणि दुसरीकडे मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात ठिपके विखुरलेले. ते बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, ज्यात वर्षानुवर्षांच्या शुगरचा आणि रक्तदाबाचा हात असतो. म्हणजे दोन्ही आजारांनी आपापल्या सह्या केल्या होत्या.

"परत येईल का?" या प्रश्नाला डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं, आणि ते मला आवडलं. दारूने आक्रसलेला मेंदू दारू बंद केल्यावर काही महिन्यांत थोडाफार भरून येतो. लक्ष, बोलण्यातला नेमकेपणा, आखणी सुधारते. बी-१२ चं नुकसान वेळेत पकडलं तर बरंच भरून येतं. रक्तवाहिन्यांचे ठिपके जात नाहीत, फक्त नवे पडू नयेत एवढं बघायचं. मॅमिलरी बॉडीजचं जे गेलं ते बहुतेक गेलं.

आम्ही त्याला रोज प्रश्न विचारायचो. "आठव बघू, काल कोण आलं होतं?" स्मृतीला व्यायाम म्हणून. मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते बंद करायला सांगितलं. अशा माणसाने अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच पुढे पक्कं होतं, कारण आपण चुकलो होतो ही आठवण टिकत नाही आणि उत्तर टिकतं. म्हणून विचारायचं नाही, बरोबर ते सांगून टाकायचं. शिकवायचं असेल ते एकाच जागी, एकाच पद्धतीने, रोज. त्यांनी क्लापारेद या स्विस डॉक्टरचा प्रयोग सांगितला. त्याने कोर्साकोव्हच्या एका रुग्ण बाईशी हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवली. नंतर भेटल्यावर ती बाई त्याला ओळखेना, पण हात मात्र पुढे करेना. का, ते तिला सांगता येईना. १९११ साली त्याने हे छापलं. (आज असा प्रयोग कुणी केला तर त्याला दवाखान्यातून हाकलून देतील, तो भाग वेगळा.) सांगता न येणारं शिकणं वेगळ्या वाटेने होतं आणि ती वाट बहुधा शाबूत राहते, हा त्यातला मुद्दा.

दादाचं घर आम्ही त्या वाटेवर आणलं. गोळ्यांचा वारांचा डबा एकाच कोपऱ्यात, आणि डबा भरणं वहिनीकडे. आधी तो घेतलेली गोळी विसरून दुसऱ्यांदा घ्यायचा, आणि शुगरच्या औषधाची दुप्पट मात्रा म्हणजे पुन्हा ती पहाट. भिंतीवर फळा: आज कोणता वार, कोण कुठे गेलंय. काही महिन्यांनी तो फळा न सांगता बघायला लागला. फळा कधी लावला, ते आजही त्याला माहीत नाही.

या सगळ्यात भेटायला येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. दुसरं असायचं: थोडी घेतली तर मेंदूला बरी असते म्हणे. पहिल्याला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याला सांगते की डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये नव्याने दिली, त्यात १४ गोष्टी आहेत, अति मद्यपान त्यात आहे आणि डायबिटीसही त्यात आहे.

मधे तो एकदा घसरला. दुपारी बाहेर गेला आणि पिऊन आला. ते त्याला रात्री आठवत नव्हतं. जास्त प्यायल्यावर रात्रीचं आठवत नाही ते बहुतेक वेळा विसरल्यामुळे नसतं. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी नोंदवणारा भाग, त्या वेळात नवी नोंदच करत नाही, म्हणून नंतर कितीही ताण दिला तरी तिथे काही नसतं. त्याच्या बाबतीत तर दोन कुलपं. त्या रात्री वहिनीने काहीही न बोलता त्याला जेवू घातलं, आणि दर तीन तासांनी गजर लावून त्याची शुगर तपासली.

वर्षाने मोका पुन्हा झाली, शब्द आणि चित्रं बदललेली. तीच चाचणी परत दिली तर सरावाने गुण फुगतात. या वेळी २२. घड्याळाचे काटे बरोबर जागी. वजाबाकी शेवटपर्यंत. पाच शब्दांपैकी आठवला एक, आणि इशारा दिल्यावर आणखी एक. चाल सुधारली आहे, तरी अंधारात भिंत धरतो. मेलेल्या मित्राकडे जाणं बंद झालंय, आता तो म्हणतो, "माहीत नाही, फळ्यावर बघ." गाडी चालवणं डॉक्टरांनी थांबवलंय, यावरून तो अजून चिडतो. बँकेचे व्यवहार वहिनीच्या आणि त्याच्या अशा दोघांच्या सहीने होतात. थायामिनची गोळी आणि बी-१२ चं इंजेक्शन चालूच आहे. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आहे. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट दिसतात त्या तिथेच, आणि तिथे नवं नुकसान नसेल तर मेंदूतल्या ठिपक्यांबाबतही थोडी आशा ठेवता येते, असं डॉक्टर म्हणाले.